प्रौढांचे इंग्रजी कसे जोखावे : प्रस्तावना

दहावी-बारावीचे निकाल लागले की पेण आणि रोह्याच्या महाविद्यालयांच्या कार्यालयांबाहेर मुलांची आणि पालकांची रांग लागते. त्या रांगेत काही माणसे अशी असतात की बघणाऱ्याला ती कुणाचे तरी पालक वाटावीत, पण ती आलेली असतात स्वतःच्याच प्रवेशाची चौकशी करायला. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून आलेला ऑपरेटर, हमरापूर-जोह्याच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर, मुले वरच्या वर्गात गेल्यावर थोडी मोकळीक मिळालेली अंगणवाडी सेविका. त्यांचा पहिला प्रश्न वयाचा असतो, दुसरा फीचा. तिसरा प्रश्न जरा हळू आवाजात येतो : ‘सर, इंग्रजीचं काय असतं?’

या तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर देता यावे म्हणून एक आख्खे अभ्यासक्षेत्र उभे राहिले आहे. त्याला भाषाचाचणीशास्त्र म्हणतात. तास-दोन तासांत सोडवलेल्या चाळीस-पन्नास प्रश्नांवरून एखाद्या माणसाच्या भाषेविषयी आपण काय म्हणू शकतो, ते किती खात्रीने म्हणू शकतो, आणि त्यावर त्याचा प्रवेश टांगून ठेवण्याचा अधिकार आपल्याला कितपत पोचतो, हे या शास्त्राचे मूळ प्रश्न आहेत. भाषाविज्ञानातून, संख्याशास्त्रातून आणि शिक्षणशास्त्रातून माणसे इथे आली आणि अजूनही आपापसांत वाद घालत आहेत. वर्गावर उभे राहून वर्षातून दोनदा प्रश्नपत्रिका काढणारा प्रत्येक शिक्षक या क्षेत्रात आधीपासूनच आहे. त्याने हक्काने आत यावे आणि इथली हत्यारे हाताळून पाहावीत, यासाठी ही प्रस्तावना.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. प्रौढ प्रवेशार्थी ज्या अभ्यासक्रमाला बसणार आहे तिथे त्याला इंग्रजीतून नेमके काय करावे लागणार आहे, ते पाहावे आणि तेवढेच जोखावे. शाळेत तो काय शिकला होता, ते विसरला का, याची झडती घेऊ नये. हे ऐकायला सोपे आहे. करायला घेतले की शंभर अडचणी निघतात, आणि त्या अडचणींतच या शास्त्राचे सगळे मोल आहे.

प्रौढाला महाविद्यालयात शिरण्याच्या वाटा महाराष्ट्रात आज बऱ्याच आहेत. दहावी-बारावी राहून गेली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाच्या परीक्षेला बाहेरून बसता येते. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने बारावी नसलेल्यांसाठी पूर्वतयारी अभ्यासक्रमाची सोय केली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून आय.टी.आय. झालेल्याला एक भाषा आणि आणखी एक विषय देऊन समकक्ष प्रमाणपत्र मिळवता येते. रोहा तालुक्यात या शेवटच्या वाटेला वेगळेच महत्त्व आहे, कारण धाटाव आणि नागोठण्याच्या कारखान्यांमुळे ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ हा ट्रेड केलेली मुले इथे गावोगाव भेटतात. तिशीत आल्यावर त्यांच्या लक्षात येते की शिफ्ट इन्चार्जच्या खुर्चीसाठी पदवी लागते.

पदवी हातात आल्यावरही इंग्रजी पाठ सोडत नाही. तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या सीईटीत बाकीचे प्रश्न मराठीतून सोडवता येतात, पण इंग्रजीचा विभाग वेगळा असतोच. एम.बी.ए.च्या सीईटीतल्या दोनशे प्रश्नांपैकी पन्नास इंग्रजी शब्दसामर्थ्य आणि आकलन यांचे असतात. इंग्रजी माध्यमातून बी.एड. करायचे असेल तर ‘ईएलसीटी’ म्हणजे इंग्लिश लँग्वेज कन्टेंट टेस्ट ही निराळी चाचणी द्यावी लागते. महाराष्ट्रात ‘महाविद्यालयात शिरू पाहणाऱ्या प्रौढाची इंग्रजी चाचणी’ म्हणून बोट ठेवता येईल अशी चाचणी हीच. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजी वेगळ्या कामासाठी मागितले जाते. वकिलाला कलमांतल्या अटी-शर्ती उलगडाव्या लागतात, शिक्षिकेला वर्ग इंग्रजीतून चालवावा लागतो. तरी प्रश्नांचे साचे मात्र ओळखीचेच असतात : समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, गाळलेले शब्दयोगी अव्यय, वाक्यातली चूक शोधा.

हे साचे आले कुठून, हे समजायला थोडे मागे जावे लागते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या तुकडीतले. मॅट्रिक म्हणजे शाळा संपल्याची परीक्षा ही समजूत नंतरची. मुळात ती विद्यापीठात शिरण्याची परीक्षा होती, आणि आतले सगळे शिक्षण इंग्रजीतून असल्यामुळे ती आपोआपच इंग्रजीची परीक्षा झाली. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या उमेदवाराला त्यासाठी धरमतरहून बोटीने मुंबई गाठावी लागे.

प्रौढांच्या दृष्टीने या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची नोंद १८८२ सालची आहे. हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणाविषयी जे मांडले ते आपण नेहमी वाचतो, पण त्याच निवेदनात आणखी एक मुद्दा आहे. खाजगी रीतीने अभ्यास केलेल्यांना मुंबई विद्यापीठाने प्रवेश परीक्षेला बसू दिले, याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले आणि हीच सवलत बी.ए., एम.ए.सारख्या वरच्या परीक्षांनाही लागू करावी अशी मागणी केली. पोटापाण्याच्या उद्योगात असलेल्या माणसाला वर्गात हजेरी न लावता ज्ञानाचा दाखला मिळवता आला पाहिजे, हा विचार एकशेचाळीसहून अधिक वर्षांपूर्वी या प्रांतात इतक्या स्पष्टपणे मांडला गेला होता. सतरा नंबरचा फॉर्म आणि मुक्त विद्यापीठ यांचे मूळ मी तिथे पाहतो. या क्षेत्रात येणाऱ्या मराठी अभ्यासकाने सुरुवात लंडन किंवा प्रिन्स्टनपासून करण्याऐवजी फुल्यांच्या या निवेदनापासून करावी.

या दोन तालुक्यांच्या वाट्याला तर परीक्षेच्या इतिहासातली दोन मोठी माणसे आली आहेत. रोह्याच्या देशमुख घराण्यातले चिंतामणराव १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले, पुढे केंब्रिजला गेले आणि १९१८ साली लंडनला आय.सी.एस.लाही पहिले आले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष हा त्यांचा पुढचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्याहून चारच महिन्यांनी मोठे विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. १९१६ साली ते इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघाले, वाटेत सुरतेला उतरले आणि थेट काशीला गेले. प्रमाणपत्रे त्यांनी त्याआधीच जाळली होती. पण भाषा शिकणे त्यांनी सोडले नाही. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून ते अरबी शिकले, आणि वेल्लोरच्या तुरुंगात, वयाच्या पन्नाशीकडे झुकताना, दक्षिणेकडच्या चारही भाषांचा त्यांनी अभ्यास केला. भाषाचाचणीच्या अभ्यासकाने ही दोन्ही चरित्रे शेजारी ठेवून वाचावीत. एकाकडे क्षमतेचा पुरावा कागदावर आहे, दुसऱ्याकडे कागद नाही आणि क्षमता डोळ्यांसमोर आहे. कोणतीही चाचणी पुरावा गोळा करण्याची एक रीत असते. तो पुरावा कधी पुरेसा असतो, कधी तोकडा, हे तपासणे हे आपले काम.

आजच्या प्रौढांकडे वळताना एक साधी गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. सगळ्यांना शाळेत सारखे इंग्रजी मिळालेले नाही. बाळासाहेब खेरांच्या सरकारने मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून ठेवले, पुढे ते पाचवीपासून सुरू झाले, आणि २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून आले. त्यामुळे एकाच प्रवेशचाचणीला बसलेल्या दोन रोहेकरांपैकी एकाने शाळेत दहा वर्षे इंग्रजी घेतलेले असते आणि दुसऱ्याने सहा. शिवाय दुसऱ्याला शाळा सोडून वीस वर्षे झालेली असतात. शालेय व्याकरणावर बेतलेली चाचणी या दोघांत जो फरक दाखवते, तो बराचसा जन्मसालाचा असतो.

आता या शास्त्राच्या गाभ्याकडे. केंब्रिजने परकीयांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा १९१३ साली सुरू केली. ती बारा तासांची होती, तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. त्या परीक्षेत भाषांतर होते, व्याकरण होते, उच्चारशास्त्र होते. जाणकार परीक्षकाला उमेदवार ओळखता येतो, अशी तेव्हाची श्रद्धा. १९६१ साली रॉबर्ट लाडो यांचे भाषाचाचणीवरचे पुस्तक आले आणि वारे फिरले. भाषेचे सुटे भाग करा, एका प्रश्नात एकच भाग तपासा, उत्तर बरोबर की चूक एवढेच पाहा, हा त्यांचा मार्ग. १९६४ साली सुरू झालेली टोफेल याच वाऱ्यावर वाढली, आणि आपल्या सीईटीचे बहुपर्यायी प्रश्न त्याच घराण्यातले. त्याच सुमारास जॉन कॅरोल यांनी हटकले की सुटे भाग ओळखता येणे निराळे आणि ते सगळे एकत्र वापरता येणे निराळे. १९७२ साली डेल हाइम्स यांनी ‘संप्रेषणक्षमता’ ही कल्पना मांडली, १९८० साली कनाल आणि स्वेन यांनी तिची चाचणीच्या कामी येईल अशी फोड केली, आणि १९९० साली लाइल बाकमन यांनी तिला शिस्त लावली. १९८९ची आयईएलटीएस ही त्या विचारातून आलेली, आणि ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्यांची युरोपीय चौकट २००१ची.

ही सगळी नावे पाठ करण्यात अर्थ नाही. धाटावच्या एखाद्या कारखान्यात लावता येईल असे एक वाक्य घेऊन पाहू : ‘डू नॉट ओपन द आउटलेट व्हॉल्व्ह अनलेस द प्रेशर हॅज कम डाउन टू झीरो.’ लाडोंच्या वाटेने जाणारा परीक्षक विचारील, ‘इफ’ वापरून हे वाक्य पुन्हा लिहा. दहावीच्या ‘डू ॲज डायरेक्टेड’मधून गेलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न ओळखीचा आहे. हाइम्सच्या वाटेने जाणारा परीक्षक विचारील, दाबमापकाचा काटा दोनवर आहे, आता तुम्ही काय कराल? पंधरा वर्षे पाळ्या केलेला ऑपरेटर दुसऱ्या प्रश्नाला क्षणात उत्तर देईल, ‘थांबीन’, आणि पहिल्या प्रश्नापाशी अडखळेल. नुकताच बारावी झालेला मुलगा पहिला प्रश्न अचूक सोडवील आणि दुसऱ्याशी घुटमळेल. कुणाला इंग्रजी जास्त येते?

इथे बहुतेक सहृदय माणसे ऑपरेटरच्या बाजूने कौल देऊन मोकळी होतात. मला तसे करता येत नाही. ऑपरेटरने ते वाक्य वाचले की आपला प्लांट वाचला, हे त्या उत्तरावरून कळत नाही. दाब उतरल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नसतो हे त्याला वाक्य नसतानाही ठाऊक होते. हाच ऑपरेटर उद्या बी.कॉम.ला बसला आणि त्याच्यासमोर घसाऱ्यावरचा परिच्छेद आला, ज्यात ‘अनलेस’ तसाच आहे पण ओळखीचा एकही व्हॉल्व्ह नाही, तर काय होईल? पूर्वज्ञानाचा हा प्रश्न चाचणीशास्त्राला फार दिवस छळतो आहे. आयईएलटीएसच्या आधीच्या चाचणीत विषयवार सहा निरनिराळे संच होते. १९८९ साली ते तीनवर आले, आणि १९९५ साली शैक्षणिक वाचनाची एकच सामाईक प्रश्नपत्रिका झाली. विषयांच्या सीमा कुठे आखायच्या, आणि ‘आपल्या’ विषयाचा उतारा खरोखरच सोपा जातो का, याची उत्तरे अपेक्षेइतकी सरळ निघाली नाहीत. कॅरोलाइन क्लॅपम यांचा १९९६चा अभ्यास या एकाच प्रश्नावर आहे आणि तो मुद्दाम वाचण्याजोगा आहे. जिम कमिन्स यांनी १९७९ साली बोलण्याचालण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला, तोही इथे उपयोगी पडतो. कामावरचे इंग्रजी ही प्रौढाची खरी कमाई आहे. चाचणीने तिची दखल घ्यावी, पण तिच्या भरवशावर त्याला पाठ्यपुस्तकाच्या तोंडी देऊ नये. म्हणून दोन्ही प्रकारचे उतारे हवेत : एक ओळखीच्या जगातला, एक पुढच्या अभ्यासक्रमातला. दोन्हींच्या गुणांतले अंतर हीच शिक्षकाला मिळणारी सर्वांत कामाची माहिती असते.

दुसरा मोठा विषय विश्वासार्हतेचा, आणि तिथे संख्याशास्त्राशी गाठ पडते. घाबरण्याचे कारण नाही, वर्गमूळ येत असले की पुरे. एखाद्या चाचणीच्या गुणांचे प्रमाण विचलन १० आहे आणि विश्वासार्हतेचा गुणांक ०.८४ आहे असे समजा. हा गुणांक चांगलाच म्हणायचा. १ मधून ०.८४ वजा केले की ०.१६ उरतात, त्याचे वर्गमूळ ०.४, त्याला १०ने गुणले की ४. ही मापनाची प्रमाण त्रुटी. याचा अर्थ असा की ३८ गुण मिळवणाऱ्याची खरी पातळी साधारण तीनपैकी दोन वेळा ३४ ते ४२च्या दरम्यान असते. प्रवेशाची रेषा ४०वर आखली असेल तर ३८वाला बाहेर आणि ४१वाला आत, या निर्णयाला गणिताचा आधार उरत नाही. रेषा आखूच नये असे मी म्हणत नाही. रेषेच्या आसपासच्या उमेदवारांना दुसरी संधी, एखादी छोटी मुलाखत, लेखनाचा आणखी एक नमुना मागणे हे मात्र संस्थेचे कर्तव्य ठरते. ते औदार्य म्हणून करायचे नाही, मापनाचा हिशेब म्हणून करायचे आहे.

निबंध आणि पत्र तपासताना ही त्रुटी आणखी वाढते. फ्रान्सिस एजवर्थ यांनी १८८८ सालीच दाखवून दिले होते की परीक्षेतल्या गुणांत नशिबाचा वाटा सद्भावी परीक्षकालाही टाळता येत नाही. बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी बँकेला लिहिलेल्या पत्राचा हा नमुना घ्या : ‘अवर ग्रुप टेकन लोन लास्ट इयर. वी पेयिंग एव्हरी मंथ. प्लीज इन्क्रीज अवर लिमिट.’ एक परीक्षक सहायकारी क्रियापदे मोजील आणि दहापैकी तीन गुण देईल. दुसरा पाहील की विनंती स्पष्ट आहे, तिला कारण जोडले आहे, क्रम बरोबर आहे, आणि सात देईल. दोघेही प्रामाणिक. दोष आहे तो तपासण्याआधी कशाला किती गुण हे लिहून न काढण्यात. दोन तपासनीसांनी दहा-बारा उत्तरपत्रिका आधी एकत्र बसून तपासल्या, फरक कुठे पडतो यावर बोलले, मग बाकीचा गठ्ठा वाटून घेतला, एवढ्यानेही हे अंतर कमी होते.

प्रत्येक प्रश्नाची स्वतःची परीक्षा घेण्याचीही एक रीत आहे, आणि तिला संगणक लागत नाही. चाळीस उत्तरपत्रिका एकूण गुणांप्रमाणे लावा. वरच्या दहा आणि खालच्या दहा वेगळ्या काढा. एखादा प्रश्न वरच्या दहांतल्या आठ जणांनी आणि खालच्या दहांतल्या दोघांनी बरोबर सोडवला असेल तर आठातून दोन गेले सहा, भागिले दहा, ०.६ : प्रश्न उत्तम. दुसरा प्रश्न वरच्या पाचांनी आणि खालच्या सहांनी सोडवला असेल तर समजावे की त्या प्रश्नातच काहीतरी बिघडले आहे. दोन पर्याय बरोबर असतील, किंवा हुशार उमेदवार जास्त विचार करून फसला असेल. स्टाफरूममध्ये चहाच्या वेळात होणारे हे काम आहे. अनेक वर्षे जुन्याच प्रश्नांची उलटापालट करून प्रश्नपत्रिका काढली जाते तिथे ते एकदा करून पाहावे, डोळे उघडतात.

परीक्षेचा शिकवण्यावर जो उलटा परिणाम होतो त्यावर आल्डरसन आणि वॉल यांनी १९९३ साली एक महत्त्वाचा प्रश्न टाकला : असा परिणाम खरोखर होतो का, की आपण तो गृहीत धरतो? आपल्याकडे गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच पाहिले की उत्तर हाताशीच आहे असे वाटते. प्रौढाच्या बाबतीत त्याची किंमत जास्त असते, कारण त्याच्याकडे वेळ थोडा. पाळीवरून आल्यावर मिळणारा दीड तास ‘माय फेव्हरिट फेस्टिव्हल’ पाठ करण्यात गेला तर तो दीड तास पाठ्यपुस्तकाचे एक पान वाचण्याला मिळत नाही. उताऱ्यावरचा प्रश्नच जर ‘या पानावरून पाच ओळींची टिपणे काढा’ असा ठेवला, तर तयारी म्हणून उमेदवार टिपणेच काढत बसेल, आणि ती सवय कॉलेजात तीन वर्षे कामी येईल.

टिपणे कोणत्या भाषेत काढायची, यावर माझे मत ठाम आहे. ज्या अभ्यासक्रमाची परीक्षा मराठीतून आहे पण संदर्भ इंग्रजीत वाचावे लागतात, तिथे इंग्रजी उताऱ्याचा सारांश मराठीत लिहू द्यावा. वाचन तपासायचे तर वाचनच तपासावे. लेखनाच्या अडचणीमुळे वाचनाचे गुण जाऊ नयेत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर या प्रांतातल्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. भाषांतराला नंतर जुनाट ठरवून परीक्षेबाहेर काढले गेले, पण दोन भाषांत ये-जा करणे हे प्रौढ विद्यार्थ्याचे रोजचे काम आहे, आणि रोजचे काम चाचणीत असायला हवे. ज्यांना पुढे इंग्रजीतूनच उत्तरे लिहायची आहेत त्यांच्यासाठी अर्थातच लेखनाची स्वतंत्र चाचणी हवी.

न्यायाच्या प्रश्नावर सर्वांत जास्त थांबावेसे वाटते, कारण तिथे आपला जिल्हा स्वतःच एक प्रयोगशाळा आहे. पेणच्या खारेपाटातल्या घरात आगरी बोलली जाते, रोह्याच्या मोहल्ल्यात कोकणी आणि शाळेत उर्दू, डोंगरालगतच्या वाडीवर कातकरी. या उमेदवारांना प्रमाण मराठी हीच शिकून घेतलेली भाषा आहे आणि इंग्रजी तिच्याही पलीकडची. बहुपर्यायी प्रश्नाच्या सूचना मराठीत दिल्या म्हणजे सगळ्यांची सोय झाली असे होत नाही. वीटभट्टीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर फिरलेल्या कातकरी मुलीची शाळा वर्षावर्षाला मध्येच तुटलेली असते. ती पंचविसाव्या वर्षी प्रवेशाला आली आणि तिच्यापुढे विमानतळावर हरवलेल्या सामानाचा उतारा ठेवला, तर आपण तिचे इंग्रजी तपासले की तिचा प्रवासाचा अनुभव? सारख्या क्षमतेच्या दोन गटांत एखादा प्रश्न एका गटाला विनाकारण अवघड जातो का, हे शोधण्याच्या पद्धती या शास्त्राने विकसित केल्या आहेत. त्यांना मोठी संख्या लागते, एका महाविद्यालयाची तुकडी पुरत नाही. पण पाच-सहा महाविद्यालयांनी आपापली उत्तरे नावे झाकून एकत्र केली तर पुरेल.

संगणकावरच्या परीक्षेचेही असेच. १९९८ साली टोफेल संगणकावर आली तेव्हा परीक्षा घेणाऱ्या संस्थेने आधी उमेदवारांना संगणकाची कितपत सवय आहे याचा अभ्यास केला आणि परीक्षेपूर्वी सरावाचा पाठ ठेवला. मोबाइल सराईतपणे वापरणारा पण माउस कधी न धरलेला चाळिशीतला उमेदवार आपल्याकडे आजही आहे. पनवेल-नवी मुंबईकडचे केंद्र मिळाले, सकाळची वेळ मिळाली आणि आदल्या रात्री पाळी असली, तर त्याचे गुण वाचताना या गोष्टी कुठेच दिसत नाहीत. एलाना शोहामी यांनी २००१च्या आपल्या पुस्तकात चाचण्यांच्या सत्तेविषयी जे मांडले आहे, ते अशा उमेदवाराला डोळ्यांसमोर ठेवून वाचले की जास्त पटते.

या सगळ्यातून माझा एक आग्रह तयार झाला आहे. प्रौढांसाठीची इंग्रजी चाचणी शक्य तिथे प्रवेश नाकारण्यासाठी वापरू नये, कुठून शिकवायला सुरुवात करायची हे ठरवण्यासाठी वापरावी. इंग्रजीत या दोन प्रकारांना वेगवेगळी नावे आहेत, आणि त्यांची रचनाही वेगळी असते. गाळणीसारखी चाचणी रेषेजवळ बारीक मोजते आणि बाकी सोडून देते. शिकवण्यासाठीची चाचणी खालपासून वरपर्यंत सगळीकडे थोडे थोडे मोजते, आणि उमेदवाराला एका आकड्याऐवजी चार ओळी देते : परिच्छेद वाचता येतो, आकडेवारीचा तक्ता समजतो, ऐकून टिपणे काढणे जमत नाही, दोन वाक्ये जोडताना अडते. अशा चार ओळी हातात घेऊन बाहेर पडलेला माणूस घरी गेल्यावर पुस्तक उघडतो.

काम मात्र पुष्कळ शिल्लक आहे, आणि ते मुंबई-पुण्याची वाट न पाहता इथूनच करता येण्यासारखे आहे. आगरी बोलणाऱ्या प्रौढांना इंग्रजी वाक्यरचनेत नेमके कुठे अडते, याच्या नोंदी हव्यात. धाटावमधली बॅच शीट, वर्क परमिट, सुरक्षेच्या सूचना आणि पेणच्या मूर्ती परदेशी पाठवताना लागणारे कागद यांत कोणते इंग्रजी येते, याचा संग्रह हवा. ऐकण्याच्या चाचणीत कुणाच्या उच्चारातले इंग्रजी ऐकवायचे हा प्रश्न तर अगदी मोकळा पडला आहे. आंतरराष्ट्रीय चाचण्यांत ब्रिटिश, अमेरिकी, ऑस्ट्रेलियन उच्चार असतात, आणि रोह्यात प्रवेश घेणाऱ्याला पुढची तीन वर्षे ऐकायचे असते ते रोह्यातल्याच प्राध्यापकांचे इंग्रजी, मधूनमधून मराठीत शिरणारे, फळ्यावरच्या खडूच्या आवाजातले आणि पंख्याच्या घरघरीतले. त्याच्या चाचणीत तेच यायला हवे. त्यासाठी आपल्याच महाविद्यालयातल्या दहा मिनिटांच्या व्याख्यानाचे मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण, त्या व्याख्यात्याची परवानगी, आणि ते ऐकून टिपणे काढायला तयार असलेले वीस प्रौढ विद्यार्थी एवढे जमले की पहिला अभ्यास सुरू करता येतो.